चाके उतरली नाहीत तर

चाके पोटात ओढून घेणाऱ्या लहान विमानात चाकांचा लिव्हर खाली करूनही, प्रत्येक चाक उतरून लॉक झाल्याचे दाखवणाऱ्या तीन हिरव्या दिव्यांपैकी एखादा लागला नाही, तर उतरण्याचा बेत तूर्त सोडावा, सुरक्षित उंची गाठावी आणि नियंत्रण मनोऱ्याला अडचण कळवून रहदारीपासून दूर घिरट्या घालाव्यात. टाकीत इंधन आहे तोवर घाईचे कारण नसते. चाकांच्या नादात वेगाकडे आणि उंचीकडे झालेले दुर्लक्षच अधिक घातक ठरते.

पहिला संशय दिव्यावर घ्यावा. बल्ब काढता येत असेल, तर पेटलेल्या दिव्याचा बल्ब तेथे लावून पाहावा. पायपर ॲरोसारख्या विमानांत पॅनेलचे दिवे चालू असले की हे हिरवे दिवे इतके मंद होतात की उन्हात ते विझलेलेच वाटतात. मग सर्किट ब्रेकर आणि वीज बनवणारा अल्टरनेटर पाहावा.

तरीही दिवा लागला नाही, तर वेग विमानाच्या पुस्तिकेतील मर्यादेत आणून चाके उतरवण्याची आपत्कालीन पद्धत वापरावी. ती प्रत्येक विमानात वेगळी असते: ॲरोमध्ये हायड्रॉलिक दाब सोडला की चाके स्वतःच्या वजनाने खाली येतात, सेसना 182 आरजीमध्ये हातपंप मारावा लागतो, तर बोनान्झामध्ये हँडलचे सुमारे 50 फेरे द्यावे लागतात, आणि तेही विमान सांभाळत, म्हणून ही पद्धत जमिनीवर शिकून घेतलेली बरी. अशा रीतीने चाके उतरली की ती पुन्हा वर घेऊन पाहू नये. मनोऱ्याजवळून उडत गेल्यास चाके लोंबताना दिसतात, पण ती लॉक झाली की नाही हे खालून कळत नाही.

सारे उपाय थकले, तर अग्निशमन पथक असलेली लांब, पक्की धावपट्टी निवडावी. मऊ गवत सोयीचे वाटते खरे, पण त्यात विमानाचा एखादा भाग रुतू शकतो. पट्टे घट्ट आवळावेत, पुस्तिका सांगत असेल तर दार आधीच किलकिले करावे आणि शक्य तितक्या कमी वेगाने, पण स्टॉल (पंखांची उचल नाहीशी होणे) न होऊ देता, पोटावर टेकावे. प्रोपेलर वाचवण्यासाठी हवेतच इंजिन बंद करण्याचा मोह टाळावा, कारण अंदाज चुकल्यास पुन्हा वर जाण्याची वाट त्याने बंद होते. धावपट्टी हमखास हाती आल्यावर पुस्तिकेतील क्रमाने इंधन आणि विजेचा मास्टर स्विच बंद करावा, आणि विमान थांबताच सर्वांनी बाहेर पडून दूर जावे.