आईच्या घरपट्टीची माफी कशी मिळवली

वडील फौजेत होते. ते गेल्यावर नाशिकमधल्या जेलरोडच्या आमच्या घराची घरपट्टी आईच भरायची. राज्य सरकारने 2020 मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना मालमत्ता कर माफ केला, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

माफी एकाच घराला मिळते, तेही स्वतः राहता ते. भाड्याने दिलेलं चालत नाही.

आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला काढा. त्यासाठी डिस्चार्ज बुक (फौजेतून निवृत्त होताना मिळतं ते सेवेच्या नोंदींचं पुस्तक), ओळखपत्र आणि पेन्शनचे कागद न्या. मग महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात, आमच्यासाठी नाशिकरोडला, घरपट्टी विभागात अर्ज द्या.

आमचं घोडं अडलं ते नावावर. बिलावर अजून वडिलांचंच नाव होतं. म्हणून आधी मृत्यूचा आणि वारसाचा दाखला जोडून नाव बदलून घ्या. दोन्ही कामं एकदम करायला जाऊ नका. बिलावरचा इंडेक्स नंबर, म्हणजे आपल्या मिळकतीचा क्रमांक, अर्जावर लिहा आणि पोच शिक्क्यासह मागा. आईने ती पोच देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवली आहे.

देवळाली कॅम्पात राहत असाल तर चौकशी महापालिकेत नाही, कॅन्टोन्मेंट बोर्डात (लष्करी छावणीचा कारभार पाहणारी संस्था) करा, तिथला कर वेगळा.