टेक्ससमध्ये स्पीडिंगचं तिकीट मिळालं? डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगच्या वेळी या चुका टाळा

डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनकडच्या मराठी घरांत तिकीट आलं की त्याच रात्री ऑनलाइन दंड भरून मोकळं व्हायची घाई असते. ही सवय गावाकडच्या ई-चलनाची. तिथे मेसेज आला, पैसे भरले, विषय संपला. टेक्ससमध्ये मात्र दंड भरणं म्हणजेच गुन्हा कबूल करणं. भरल्या क्षणी दोष सिद्ध झाल्याची नोंद तुमच्या रेकॉर्डवर जाते, आणि मग डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगच्या कोर्सचा, म्हणजे सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स करून तिकीट रद्द करून घेण्याचा, विचार करून फारसा उपयोग नसतो. माझ्या ओळखीतल्या निम्म्याहून जास्त लोकांचा कोर्स याच एका घाईत हातचा गेला आहे, म्हणून हे आधी सांगते: तिकीट हातात आल्यावर पैसे भरू नका, आधी ते नीट वाचा.

‘टेक्ससमध्ये आता पॉइंट्स नाहीत, मग कोर्स कशाला?’ असंही विचारतात. रेकॉर्डवरच्या गुन्ह्यांना पॉइंट्स देऊन त्यावरून जादा पैसे घेण्याची पद्धत 1 सप्टेंबर 2019 ला बंद झाली, हे खरं. पण विमा कंपनी रेकॉर्ड बघते. एका नोंदीमुळे हप्ता वाढला, तर तो भुर्दंड दंडापेक्षा मोठा होऊ शकतो. कोर्स पूर्ण केला की खटला रद्द होतो आणि ती नोंद होतच नाही.

तारीख आणि कोर्ट

तिकिटावर कोर्टात हजर होण्याची एक तारीख असते. त्या दिवशी किंवा त्याआधी ‘गिल्टी’ किंवा ‘नो कॉन्टेस्ट’ असं उत्तर देऊन कोर्स मागायचा असतो. ‘गिल्टी’ शब्दाला घाबरून बरेच जण उत्तरच देत नाहीत आणि तारीख उलटते. अशा वेळी ‘नो कॉन्टेस्ट’ लिहा. त्याचा अर्थ एवढाच, की मी आरोपाला आव्हान देत नाही. पुढे अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा झाला, तर हे उत्तर तुमची कबुली म्हणून वापरता येत नाही. आणि रस्त्यावर तिकिटावर केलेली सही म्हणजे कबुली नव्हे. हजर राहीन, एवढंच ते वचन असतं.

अर्ज कुठे करायचा, यातही गोंधळ होतो. शहराच्या पोलिसांनी पकडलं असेल, तर बहुतेक वेळा म्युनिसिपल कोर्ट. हायवेवर ट्रूपरने (राज्याच्या पोलिसाने) किंवा शेरीफच्या (काउंटीच्या पोलिसप्रमुखाच्या) माणसाने तिकीट दिलं असेल, तर साधारणपणे त्या प्रीसिंक्टचं, म्हणजे काउंटीतल्या त्या विभागाचं, जस्टिस ऑफ द पीस नावाचं छोटं कोर्ट. नाव तिकिटावरच छापलेलं असतं. अर्ज टपालाने पाठवणार असाल तर सर्टिफाइड मेलनेच (पोच मिळणाऱ्या नोंदणीकृत टपालाने) पाठवा, आणि पावती जपून ठेवा.

आपण नियमात बसतो का, हे न बघणं

मर्यादेपेक्षा ताशी 25 मैल किंवा जास्त वेग असेल, तर हा हक्क मिळत नाही. दुसरी अट लोकांच्या लक्षातच येत नाही: वेग 95 किंवा त्याहून जास्त असेल, तर मर्यादा कितीही असो, कोर्स नाही. ऑस्टिनच्या दक्षिणेला एसएच 130 या राज्य महामार्गावर मर्यादा 85 आहे. तिथे 96 ने जाणारा मर्यादेच्या फक्त 11 मैल वर असतो, तरी अपात्र. रस्त्याच्या कामावर मजूर हजर असताना मिळालेलं तिकीट, थांबलेल्या स्कूल बसला ओलांडल्याचं तिकीट, कमर्शियल लायसन्स असलेला चालक, मागच्या 12 महिन्यांत असाच कोर्स केलेला चालक, हे सगळे बाहेर.

लायसन्स टेक्ससचं आणि चालू हवं. एच-1बी आणि एच-4 (एच-1बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाल्यांचं लायसन्स इथे राहण्याच्या परवानगीच्या मुदतीपर्यंतच असतं. एक्स्टेन्शन अडकलं आणि लायसन्स संपलेलं असेल, तर अर्ज तिथेच अडतो, म्हणून आधी ते नवं करून घ्या. भारतातून आलेले आई-बाबा तिथल्या लायसन्सवर गाडी चालवताना पकडले गेले, तर त्यांना हा मार्ग मिळत नाही. विम्याच्या कागदावर तुमचं नाव आहे का, तेही बघा. पॉलिसी नवऱ्याच्या नावाने आणि तिकीट बायकोला, असं आपल्याकडे फार होतं.

माझी चूक: टाइप 3ए

कोर्स मी परवानगी मिळाल्यावर लगेच, एका शनिवारी सहा तासांत ऑनलाइन केला. (परवानगीच्या आधी केलेला कोर्स बरीच कोर्टं धरत नाहीत. आणि कोर्स टीडीएलआरच्या, म्हणजे राज्याच्या परवाना खात्याच्या, मान्यतेचाच हवा.) सर्टिफिकेट पाठवलं आणि निश्चिंत झाले. कोर्टाचं पत्र आलं, की ड्रायव्हिंग रेकॉर्ड कुठे आहे? डीपीएसच्या (लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्याच्या) साइटवर जाऊन मी स्वस्तातलं रेकॉर्ड काढलं. तेही परत आलं, कारण कोर्टाला टाइप 3ए लागतं, म्हणजे संपूर्ण आणि प्रमाणित रेकॉर्ड. वर्षभरात तुम्ही दुसरा कोर्स केलेला नाही, हे त्यावरूनच दिसतं.

ऑनलाइन काढताना लायसन्सवरचा ऑडिट नंबर आणि सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे विचारतात. एच-4 वर असलेल्या, सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या बायकांची गाडी इथे अडते. त्यांनी रेकॉर्ड मागवायचा डीपीएसचा डीआर-1 फॉर्म भरून ते टपालाने मागवावं. त्याला काही आठवडे जातात, म्हणून परवानगी मिळाली त्याच दिवशी पाठवा, कोर्स नंतर करा.

मुदत 90 दिवसांची. त्या आत सर्टिफिकेटची कोर्टाची प्रत, टाइप 3ए आणि वर्षभरात दुसरा कोर्स केलेला नाही असं सही केलेलं प्रतिज्ञापत्र कोर्टात पोहोचलं पाहिजे. कोर्स 89व्या दिवशी संपवून भागत नाही.

मुदत चुकलीच, तर ‘शो कॉज’ची, म्हणजे कागद का दिले नाहीत हे येऊन सांगा अशी, नोटीस येते. ती बघून घाबरून गप्प बसू नका. त्या तारखेला जा, आजारपण, भारतात जावं लागणं, टपालाचा उशीर, जे खरं कारण असेल त्याचे कागद घेऊन जा. कारण पटलं तर न्यायाधीश मुदत वाढवून देऊ शकतात. न जाणाऱ्याला मात्र दंडही बसतो आणि रेकॉर्डवर नोंदही होते.