जुना एचएफ सेट पावसाळ्यात रुसला की घरी काय काय बघायचं

जुलै महिना, आठ दिवस ऊन नाही, दोरीवरचे कपडे वाळंनात, कपाटातल्या पट्ट्यावर बुरशी, आणि अशात माझा चाळीस वर्षांचा जपानी एचएफ सेट (हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, शॉर्टवेव्हवर बोलायचा-ऐकायचा) चालू केला की डिस्प्लेवर फ्रिक्वेन्सीऐवजी नुसते ठिपके. तासाभरानं आपोआप नीट. मी काय केलं, तर पीएलएलची (फ्रिक्वेन्सी जागेवर धरून ठेवणाऱ्या सर्किटची) आयसी बदलली, ती पण पुण्याहून बुधवार पेठेतनं मागवून, आणि ठिपके जसेच्या तसे. आयसी बिचारी चांगलीच होती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आपल्या कोल्हापूरच्या हवेत आधी कॉन्टॅक्ट, मग सोल्डर, मग गोंद, मग कपॅसिटर, आणि आयसी ट्रान्झिस्टरवर संशय सगळ्यात शेवटी.

पण झाकण उघडायच्या पण आधी बटणं बघा. हसू नका. एकदा एका काकांचा सेट "रिसीव्हच करत नाही वो" म्हणून माझ्याकडं आला, आरएफ गेन, म्हणजे रिसीव्हरची ताकद कमी-जास्त करायचं बटण, पूर्ण मागं होतं, एस मीटरचा (सिग्नलचा जोर दाखवणारा) काटा उजवीकडं जाऊन बसलेला आणि आवाज शून्य. चहा प्यायला आणि सेट परत दिला. अॅटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम कमी करणारं), स्क्वेल्च (सिग्नल कमजोर असला की आवाज बंद ठेवणारं), स्प्लिट (ऐकायची आणि बोलायची फ्रिक्वेन्सी वेगळी ठेवणारं) ही बटणं पण बघायची. स्पीकर मुका असेल तर हेडफोनच्या जॅकमधे प्लग चार-पाच वेळा आत बाहेर करा, त्या जॅकमधला स्प्रिंगचा कॉन्टॅक्ट काळा पडला की स्पीकरची जोडणी तुटते. आणि ट्रान्समिटला ऑडिओ नसेल तर माईक कुठला लावलाय ते बघा, आठ पिनी प्लग केनवूडचा, येसूचा, आयकॉमचा दिसायला सारखाच पण आतली वायरिंग तिघांची वेगळी, बसतो म्हणून लावायचा नाही.

मग सप्लाय. १३.८ व्होल्ट सप्लायच्या टर्मिनलवर नाही, सेटच्या मागच्या कनेक्टरवर मोजायचे, आणि ते पण ट्रान्समिट दाबून. शंभर वॅटचा सेट फुल पॉवरला २० अँपिअरच्या आसपास ओढतो, वायर बारीक किंवा फ्यूज होल्डर गंजलेला असला की तिथंच दीड-दोन व्होल्ट गायब, आणि आपण फायनल (पॉवर देणारे शेवटचे ट्रान्झिस्टर) गेले म्हणून रडत बसतो. लावल्या लावल्या फ्यूज उडत असेल तर कुणीतरी कधीतरी लाल-काळी उलटी लावलेली असती, आत सप्लायला आडवा एक डायोड असतो तो शॉर्ट होऊन बाकीचा सेट वाचवतो. डायोड पंधरा-वीस रुपयाचा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणाऱ्याला मात्र माझ्याकडं माफी नाही.

डायरेक्ट २३० वर चालणारा जुना सेट असेल तर सिरीज बोर्ड करा, साध्या तारेचा ६० वॅटचा बल्ब सिरीजमधे. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक, फुल पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. आणि वाल्व फायनलवाले, म्हणजे येसू एफटी-१०१, केनवूड टीएस-५२०एस असले सेट, तिथं प्लेटला ६०० ते ८०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावर पण कपॅसिटरमधे राहू शकतात. प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर चांगल्या इन्सुलेशनच्या वायरला लावून त्यातनं डिस्चार्ज करा, मग मीटरनं मोजून खात्री करा. मोजताना एक हात खिशात. स्क्रूड्रायव्हरनं फाट्टकन शॉर्ट करायची मर्दुमकी इथं दाखवू नका.

आता झाकण उघडा. पहिल्यांदा नुसतं बघा आणि वास घ्या. माझ्या सप्लायमधे एकदा पाल निघाली होती, दोन टर्मिनलच्या मधे आडवी, भाजलेली. सेटमधे मुंग्या, झुरळाची घाण, पालीची अंडी, काय पण सापडतंय. मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा, कुठली वायर कुठं होती ते रात्री अकरा वाजता आठवत नाही. ब्रशनं धूळ काढा. मग एकेक कनेक्टर काढून परत बसवा, दोन-तीन वेळा, ओढायचं कनेक्टरला धरून, वायरला नाही. निम्मे आजार मला इथंच बरे झालेले दिसलेत. बोर्डाचे स्क्रू पण आवळा, जुन्या सेटमधे बोर्डाचं अर्थिंग बऱ्याच वेळा त्या स्क्रूमधनंच जातं, स्क्रू ढिला म्हणजे बोर्ड लटकला. व्हॉल्यूम खरखरत असेल, मोड स्विच हलवल्यावर रिसीव्ह येत-जात असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा. सायकलच्या चेनला मारतात तो गंजाचा स्प्रे नाही, त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते.

ट्रान्समिट होतंय पण रिसीव्ह मंद, आणि एकदा पीटीटी (माईकवरचं बोलायचं बटण) दाबून सोडलं की रिसीव्ह एकदम उघडतं, असं असेल तर तो अँटेनाचा रिले, म्हणजे अँटेना रिसीव्हवरनं ट्रान्समिटवर फिरवणारा स्विच. कव्हर निघत असेल तर व्हिजिटिंग कार्डाची बारीक पट्टी कापून आयसोप्रोपिलमधे भिजवायची, कॉन्टॅक्टच्या मधे घालून हलक्या हातानं ओढायची. पॉलिश पेपर अजिबात नाही, वरचा प्लेटिंगचा थर जातो आणि महिन्याभरात परत तेच. रिले सीलबंद असेल तर सरळ बदला.

आता ठिपक्यांचं. पीएलएल लॉक सुटलं की सेटचा प्रोसेसर डिस्प्ले कोरा करतो नाहीतर ठिपके दाखवतो, सेटचं म्हणणं एवढंच की माझा ऑसिलेटर जागेवर नाही. त्या काळातल्या बऱ्याच सेटमधे व्हीसीओच्या (व्होल्टेजनं फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या त्या ऑसिलेटरच्या) कॉइल हलू नयेत म्हणून कारखान्यातच त्यावर मेण किंवा गोंद ओतलेला असायचा. तो गोंद तीस-चाळीस वर्षांनी दमट हवेत ओलावा धरतो, थोडाथोडा करंट वाहून न्यायला लागतो आणि ऑसिलेटर सरकतो. तपासायची पद्धत सोपी, घरातला हेअर ड्रायर घ्या (घरी विचारून), लांबनं दोन मिनिटं व्हीसीओच्या पत्र्याच्या डबीवर गरम हवा सोडा. ठिपके गेले तर दोष तिथंच, गोंद किंवा सोल्डरचा. भिंग घेऊन पिनांभोवती बारीक काळं रिंगण दिसतंय का बघा, दिसलं की नवीन सोल्डर द्या. गोंद काढायचा तर लाकडी टूथपिकनं, आयसोप्रोपिल लावत लावत, कॉइलची तार केसासारखी असते. मला तीन संध्याकाळी लागल्या. गोंद काढल्यावर व्हीसीओचं व्होल्टेज थोडं बदलतं, सर्व्हिस मॅन्युअलमधे दिलेल्या टेस्ट पॉइंटवर मोजून परत जुळवायचं. मॅन्युअल नसेल तर ट्रिमरला हात लावूच नका. कॉइलचा फेराइट कोअर लोखंडी स्क्रूड्रायव्हरनं फिरवला की तडकतो आणि मग तसली कॉइल कुठं पण मिळत नाही, प्लॅस्टिकचं टूल वापरा आणि फिरवायच्या आधी मार्करनं खूण करा.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरसकट सगळे बदलायची फॅशन आलीय, मला पटत नाही. फुगलेला, बुडाशी ओला, किंवा मासळीसारखा वास येतोय असा असेल तर बदला, एका वेळी एक, आणि प्रत्येकानंतर सेट लावून बघा, म्हणजे आपणच नवीन बिघाड केला तर कळतो.

मेमरीची बॅटरी काढताना जपून. बऱ्याच सेटमधे फक्त मेमरी जाते, पण आयकॉम आयसी-७५१ सारख्या काहींमधे चालण्याचा प्रोग्रामच बॅटरीवरच्या रॅममधे असतो, बॅटरी मेली की सेट मेला.

दुरुस्ती झाली की लगेच अँटेनाला लावून सीक्यू (कुणी ऐकतंय का अशी हाक) मारू नका. ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा, पॉवर दहा वॅटपासनं चढवा, हीटसिंकला हात लावत राहा. मग रिसीव्हर तपासायला संध्याकाळी १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे टाइम सिग्नल स्टेशन शोधा. यूएसबी मोडमधे (अपर साइडबँड) ९.९९९ वर लावा, एक किलोहर्ट्झची शिट्टी येईल, मग एलएसबीमधे (लोअर साइडबँड) १०.००१ वर. दोन्हीकडं शिट्टीचा सूर एकच असेल तर डायल बरोबर. माझ्याकडं थोडा फरक राहिलाय, पण पावसाळा संपल्याशिवाय मी झाकण परत उघडणार नाही.