स्वतःच आखलेली मास्टर्स डिग्री: अर्ज करताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी आमच्या बेळगावच्या वडगावातली एक पोरगी ड्राफ्ट घेऊन माझ्याकडं आली. बी.कॉम. झालेली, मार्क चांगले, आणि तिला करायची होती सेल्फ-डिझाइन्ड मास्टर्स, म्हणजे ठरलेला सिलॅबस नाही, दोन-तीन डिपार्टमेंटचे कोर्स निवडून आपला अभ्यासक्रम आपणच आखायचा आणि शेवटी थिसिस किंवा प्रोजेक्ट. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या गॅलाटिन स्कूलमध्ये अशी डिग्री आहे, मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डियात आहे, ओरेगन स्टेटमध्ये एमएआयएस नावानं आहे, पण आपल्याकडं बेळगाव-खानापूर-निपाणी भागात हे कुणी सांगतच नाही. मी स्वतः अशीच डिग्री करून आलोय आणि आता आपल्या भागातल्या पोरापोरींचे ड्राफ्ट वाचतो, त्यामुळं त्याच त्या चुका परत परत दिसतात आणि हुशार पोरांचं वर्ष वाया गेलं की फार वाईट वाटतं.

आधी एक गोंधळ दूर करतो. २०२२ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, एकाच वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिली, ती गोष्ट वेगळी. तिथं दोन वेगळे कोर्स, दोन वेगळी सर्टिफिकेटं. इथं डिग्री एकच आणि ती उभी असते एका प्रश्नावर.

आणि सगळ्यात मोठी चूक तिथंच होते. त्या पोरीच्या ड्राफ्टचं पहिलं वाक्य होतं, मला लहानपणापासून संगीत, आरोग्य, डिझाइन आणि समाजकार्य यांची आवड आहे. चार आवडी, प्रश्न एकही नाही. वाचणाऱ्या कमिटीला तुमच्या आवडी किती हे नको असतं, तुम्हाला नेमकं काय शोधायचंय आणि ते एका डिपार्टमेंटमध्ये बसून का शोधता येत नाही, एवढंच त्यांना बघायचं असतं. मी तिला म्हटलं हा कागद बाजूला ठेव, घरी काय चालतं ते सांग. मग ती बोलायला लागली. घरात चार यंत्रमाग, मधे एक भिंत, पलीकडं स्वयंपाकघर. बाबा तीस वर्षं मागावर. टीव्हीचा आवाज दरवर्षी थोडा थोडा वाढत गेला, आणि आई आता त्यांना जेवायला हाकच मारत नाही, जवळ जाऊन खांद्याला हात लावते.

मी म्हटलं हेच लिही की!

बघा, आठ तास कामाला ८५ डेसिबलच्या वर आवाज गेला की कानाला धोका, असं अमेरिकेतली कामगार-आरोग्याची संस्था नायॉश सांगते, आपल्याकडच्या फॅक्टरी नियमात हीच मर्यादा ९० आहे, पण घरातल्या चार मागांच्या शेडपर्यंत तो नियम सहसा पोचतच नाही. मग कान तपासायचं शास्त्र पायजे, धोटा (आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडं धावणारा तुकडा) आपटतो तिथला आवाज कसा कमी करायचा त्याचं मेकॅनिकल इंजिनिअरिंग पायजे, आणि घरगुती शेडला नियम कुणी आणि कसा लावायचा त्यासाठी लेबर पॉलिसी पायजे. तीन डिपार्टमेंट, एक प्रश्न. यातलं एक काढलं तर प्रश्न अर्धा राहतो. तुमच्या ड्राफ्टची परीक्षा हीच, एकेक विषय काढून बघा, आणि काढूनही काही बिघडत नसेल तर तो विषय तिथं नुसता शोभेला आहे. आणि खरंच एकाच डिपार्टमेंटमध्ये भागत असेल तर सरळ तिथंच अर्ज करा, उगाच ही वाट धरू नका.

याच्या उलट चूक पण होते, प्रश्न फार मोठा. सीमाभागातलं पाणी, भाषा आणि शेती, असं एकानं लिहिलं होतं. दोन वर्षात हे होणार नाही. त्याचं गाव दूधगंगेच्या काठावर, २०१९ च्या पुरात घरात पाणी आलेलं, आणि पुराचा इशारा गावात कुठल्या भाषेत, कुणाकडून, किती उशिरा पोचला हे त्यानं डोळ्यानं बघितलेलं. तेवढंच घेतलं तर हायड्रॉलॉजी, म्हणजे पाण्याचं शास्त्र, आणि भाषाशास्त्र दोन्ही येतात, आणि काम आटोक्यात राहतं.

आता प्रोफेसरांना मेल. कॉन्कॉर्डियासारख्या ठिकाणी सुपरवायझर, म्हणजे थिसिसला मार्गदर्शन करणारा प्रोफेसर, आधी शोधावा लागतो, मगच अर्ज, आणि हे न वाचता अर्जाची फी भरणारे मी बघितलेत. ज्या युनिव्हर्सिटीत हे सक्तीचं नाही तिथंही आधी बोलून ठेवलेलं बरं, कारण तुमचं म्हणून असं एक डिपार्टमेंटच नसतं, तुमच्या बाजूनं उभं राहणारं माणूस तुम्हालाच मिळवावं लागतं. पोरं काय करतात, रिस्पेक्टेड सर, युवर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी, असा एकच मेल चाळीस जणांना टाकतात. उत्तर येत नाही, मग म्हणतात आपल्या भागातल्या पोरांना कोण विचारतंय. तसं नसतं. त्या वडगावच्या पोरीनं आठ ओळींचा मेल लिहिला, पहिल्या दोन ओळीत बाबांचे माग, मग त्या प्रोफेसरांच्या एका पेपरमधली एक पद्धत घरगुती शेडमध्ये चालेल का हा प्रश्न, मग मी अर्ज करणार आहे, पंधरा मिनिटं बोलाल का. पाच जणांना पाच वेगळे मेल. दोघांनी उत्तरच दिलं नाही, एक म्हणाल्या मी पुढच्या वर्षी रजेवर आहे पण अमुक यांना विचार, आणि त्या अमुक यांनीच शेवटी होकार दिला. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा, नंतर सोडून द्या.

कोर्सची यादी करताना नुसती नावं बघून उचलू नका. कॅटलॉगमधला प्रत्येक कोर्स दरवर्षी चालतोच असं नाही, आणि काही कोर्सना आधीचं गणित नाहीतर स्टॅटिस्टिक्स लागतं. मागच्या दोन वर्षांचं टाइमटेबल वेबसाइटवर असेल तर ते बघा आणि प्रत्येक मुख्य कोर्सला एक पर्याय लिहून ठेवा.

माणसांच्या मुलाखती घेणार असाल तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी लागते, अमेरिकेत त्याला आयआरबी म्हणतात. पहिल्या सुट्टीत गावी येऊन मुलाखती उरकतो असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं या पोराला पद्धत माहीत नाही. परवानगीला लागणारे महिने प्लॅनमध्ये धरा, आणि संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत करणार हेही लिहा, आपल्या भागात ते लागतंच आणि त्यातून तुमची तयारी दिसते.

कागदपत्रांचं मात्र आपलं दुखणं खास आपलंच आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळं जन्मदाखल्यावर बेलगाम आणि पासपोर्टवर बेळगावी असं होतं. जन्मदाखला कन्नडमध्ये असला तर सर्टिफाइड इंग्रजी भाषांतर लागतं. दहावीच्या मार्क्सकार्डवर नावापुढं नुसती इनिशियल, पासपोर्टवर वडिलांचं नाव पूर्ण, आडनाव एकीकडं आहे, दुसरीकडं नाही. हे ॲफिडेव्हिट करून आधीच सरळ करा, ऑफर आल्यावर धावपळ नको. राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी २०१० मध्ये झाली, त्याआधी डिग्री घेतली असेल तर ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या मार्कांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, धारवाडला कर्नाटक युनिव्हर्सिटीकडं जावं लागेल, आणि चंदगड-कोल्हापूरकडं शिकला असाल तर शिवाजी युनिव्हर्सिटी. कुठंही असो, तीन-चार महिने हातात ठेवा.

डिग्री तीन वर्षांची का चार, हाही प्रश्न आहे. कर्नाटकात २०२१-२२ ला नवीन शिक्षण धोरणाखाली चार वर्षांचा ऑनर्सचा पर्याय आला आणि २०२४ ला सरकार परत तीन वर्षांवर आलं, त्यामुळं सख्ख्या भावंडांच्या डिग्र्या वेगळ्या असू शकतात. काही युनिव्हर्सिटी तीन वर्षांची डिग्री घेतात, काही घेत नाहीत. फी भरायच्या आधी मार्क्सकार्ड जोडून ॲडमिशन ऑफिसला विचारा आणि ते उत्तर जपून ठेवा.

पैशाचं आधीच विचारा, कारण टीएशिप, म्हणजे शिकवायला मदत करून मिळणारे पैसे, बऱ्याचदा डिपार्टमेंट देतं आणि तुम्ही धड कुठल्याच डिपार्टमेंटचे नसता. सुपरवायझरला सरळ विचारायला लाजू नका. आणि परत येऊन कॉलेजवर प्राध्यापक व्हायचं असेल तर हा विचार आत्ताच करा, कारण नेट आणि के-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा (एक देशाची, एक कर्नाटकची) विषयवार असतात, तुमच्या डिग्रीच्या नावावरून हा नेमका कुठला विषय असा प्रश्न नक्की येणार. म्हणून निम्म्याहून जास्त कोर्स एकाच ओळखीच्या विषयातले राहतील असं बघा.

शिफारसपत्रं तीन असतील तर तिन्ही कॉमर्सच्या सरांची नकोत. त्या वडगावच्या पोरीनं दोन सरांची घेतली आणि तिसरं एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं, ज्यांच्याकडं ती सहा शनिवार बसून विणकरांच्या कानांच्या तपासण्या बघत होती.

नकार आला तर गप्प बसू नका. तिला पहिल्या वेळी नकारच आला होता. सुपरवायझरला तिनं विचारलं, कमिटीला नेमकं काय पटलं नाही, तर कळलं की इंजिनिअरिंगचा भाग ती एकटी कसा पेलणार ही शंका होती. तिनं त्या वर्षात मशीनच्या आवाजावरचा एक ऑनलाइन कोर्स केला, स्वतःच्या घरच्या शेडमध्ये साउंड मीटर लावून आठवडाभर रीडिंग घेतली, मागाखाली रबराचे पॅड टाकून परत घेतली, आणि ते दोन तक्ते अर्जाला जोडले. दुसऱ्या वेळी ऑफर आली. डेडलाइन टोरोंटोच्या वेळेनं रात्री ११:५९ ची होती, म्हणजे जानेवारीत आपल्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९, पण तिनं दोन दिवस आधीच सबमिट केलं होतं, त्या सकाळी वडगावात लाइट नव्हती.