तेराव्यानंतरचा आधार कसा मिळवावा

घरात मृत्यू झाल्यावर पहिले काही दिवस माणसांची उणीव भासत नाही. भाऊबंद मुक्कामाला असतात, शेजारून जेवणाचे डबे येतात, समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागते. गोडजेवण उरकून पाहुणे परतले की मात्र खरी गरज सुरू होते. म्हणून ते घरात असतानाच दोघातिघांना नेमके काम सोपवावे: एकाने कचेरीत सोबत यावे, दुसऱ्याने आठवड्यातून एक संध्याकाळ येऊन बसावे. ‘काही लागले तर सांगा’ असे सगळेच मनापासून म्हणतात, पण दुःखातला माणूस सहसा सांगत नाही.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली आहे ना, याची खात्री करून दाखल्याच्या जास्तीच्या प्रती घ्याव्यात. मग गेलेल्या व्यक्तीचे बँकेचे पासबुक ओळीओळीने पाहावे. त्यात वर्षातून एकदा ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर तो बहुधा प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता असतो. २० रुपयांची नोंद सुरक्षा विम्याची असते, जो अपघाती मृत्यूला लागू होतो. दोन्हींत वारसाला २ लाख रुपये मिळतात, आणि अनेक घरांना याचा पत्ताच नसतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाची कर्ती व्यक्ती गेली असल्यास राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात. त्यासाठी तहसील कार्यालयात चौकशी करावी.

रडू येणे, झोप उडणे, जेवण न जाणे हा आजार नव्हे. तरीही बोलावेसे वाटले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतून बोलता येते. सहा महिने उलटूनही दिनक्रम सावरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. मरणाचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. आत्महत्येने माणूस गमावलेल्या घरांशी शेजारीपाजारी बोलायचेच टाळतात. अशांसाठी पुण्याची कनेक्टिंग ट्रस्ट ही संस्था काम करते.

पतीनिधनानंतर कुंकू पुसण्याचा, बांगड्या फोडण्याचा आग्रह होऊ लागला, तर घरातल्या वडीलधाऱ्यानेच तो थांबवावा. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले, हा दाखला अशा वेळी उपयोगी पडतो.

मुलांना ‘बाबा गावाला गेले’ असे सांगू नये, कारण ती वाट पाहत राहतात. मृत्यू झाला आहे हे साध्या शब्दांत सांगावे आणि शाळा सुरू होण्याआधी वर्गशिक्षकांना भेटून कल्पना द्यावी.