एसटीच्या पासामागं एक कविता

कागल ते कोल्हापूर मी रोज एसटीनं ये-जा करते. बी.कॉम.चं दुसरं वर्ष. वर्गातल्या मैत्रिणी विचारतात, कविता वाचायला तुला वेळ कधी मिळतो गं? त्यांच्यासाठी हे लिहितेय.

अख्खा संग्रह घेऊन बसू नका. आठवड्याला एकच कविता घ्या आणि ती स्वतःच्या हातानं कागदावर उतरवा. फोटो काढून भागत नाही. लिहिताना ओळ कुठं मोडलीय, कुठला शब्द दोनदा आलाय, हे हाताला कळतं. कागदाची चौघडी करून पासामागं ठेवा. गोकुळ शिरगाव येईपर्यंत एकदा वाचा, शाहू नाका आला की न बघता म्हणून पाहा.

सुरुवात अभंगानं करा, कारण तो बोटांवर मोजता येतो. तुकोबांचा हा बघा: सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. जोडाक्षर एकच धरायचं. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, आणि चौथा दोन अक्षरांनी आखूड असतो. त्या मोकळ्या जागेत श्वास घ्यायचा. शाळेत मी याचा अर्थ गाईडमधून पाठ केला होता, मार्कही मिळाले, पण ही जागा मला कुणी दाखवली नव्हती.

ती आजीनं दाखवली. ती मेथी निवडत होती, मी भराभर वाचत होते. म्हणाली, "इठ्ठल उभा हाय न्हवं? मग तू का पळतीस?" तेव्हापासून घरात कविता मोठ्यानंच वाचते. तुम्हीही घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा, आईला भाकरी थापताना ऐकवली तरी चालेल.

अडलेला शब्दही आधी घरातच विचारा. याच अभंगात पुढं 'कासे पीतांबर' येतं. मला कास म्हणजे म्हशीची कास एवढंच ठाऊक. आजी उठली, लुगड्याचा काष्टा मागं कसा खोचतात ते करून दाखवलं आणि म्हणाली, "उसाच्या रानात आमी अशीच कास घालायचो." समासात मी तसंच लिहून ठेवलंय: कास, आजीकडून. आता तो पीतांबर मला नीट खोचलेला दिसतो.

नवी कविता शोधायला करवीर नगर वाचन मंदिरात जा. 1850 पासूनचं ग्रंथालय आहे. पातळसा संग्रह काढा, मधलंच पान उघडा, पहिल्या दोन ओळी ओठांत घोळवा. घोळल्या तर घ्या, नाहीतर पुस्तक जागेवर ठेवा. गझल, मुक्तछंद, काहीही चालेल. वृत्तांची गोडी लागली तर माधव ज्यूलियन वाचा. मराठी छंदांचा एवढा बारकाईनं अभ्यास केलेला हा कवी आपल्या राजाराम कॉलेजात शिकवायचा, याचा मला फार अभिमान वाटतो.

कविता कळली नाही तर आठ दिवस पासामागंच राहू द्या. परीक्षेच्या दिवसांत एक कागद माझ्याकडं महिनाभर होता. शेवटी रंकाळ्याच्या कट्ट्यावर, संध्याकाळी पाण्याकडं तोंड करून ती मोठ्यानं म्हटली, तेव्हा तिसऱ्या ओळीतला प्रश्न कवी स्वतःलाच विचारतोय हे ऐकू आलं.

सध्याचा कागद घडीवर विरलाय. रविवारी नवा लिहीन. या वेळी ओवी घेणार आहे, आजीला जात्यावरच्या जेवढ्या आठवतात त्यातली एक, तिच्या तोंडून ऐकून.