जुन्या जेट स्कीचा कार्बोरेटर खोलताय? या चुका टाळा

बाइकचे कार्बोरेटर खोलून हात बसलेली माणसं जुन्या टू-स्ट्रोक जेट स्कीलाही त्याच हिशोबाने भिडतात. इथे पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट नाही, पेट्रोल साठवणारी वाटीही नाही. कार्बोरेटर मिकुनी सुपर बीएन असो की केहिन सीडीके, पेट्रोल ओढतो तो पातळ डायाफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, आणि त्याला हलवणारा दाब क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या बंद भागातून) एका बारीक नळीने येतो. मशीन लाटेवर कशीही कलली तरी इंजिन चालत राहावं म्हणून ही रचना केलेली असते. ती समजून न घेता स्क्रू ड्रायव्हर उचलायचा नाही.

नवीन किट, जुन्या नळ्या

कार्बोरेटरच्या दुरुस्तीचा नवा संच, म्हणजे किट, टाकायचं आणि पेट्रोलच्या नळ्या जुन्याच ठेवायच्या. या चुकीचा मला सगळ्यात जास्त वैताग आहे. ९०च्या दशकातल्या सी-डू ब्रँडच्या बऱ्याच मशीनमध्ये पेट्रोलच्या करड्या नळ्या असतात. वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन त्या आतून विरघळतात आणि हिरवट चिकट गाळ सोडतात. कार्बोरेटरच्या आत, पंपाच्या झाकणाखाली टिकलीएवढी एक जाळी असते. गाळ येऊन बसतो तो तिच्यावर. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो, आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून वापरत असाल तर तेही त्याच प्रमाणात घटतं. पुढचं सांगायला नको.

एक गृहस्थ अशीच मशीन घेऊन आले. "कार्बोरेटर दोनदा साफ केला, किट नवीन टाकलं, तरी फुल थ्रॉटलला दम तोडते." उघडून पाहिलं तर आतून कार्बोरेटर लख्ख. जाळी काढली तर निम्मी हिरवी. नळीचा तुकडा कापून उभा चिरला, बोट फिरवलं, तर नखाखाली हिरवा चिकटा. म्हटलं, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळ्या नळ्या बदलायच्या, मधला सिलेक्टर व्हॉल्व्ह (मुख्य की रिझर्व्ह पेट्रोल ते ठरवणारा) उघडायचा, मग बाकीचं. तर म्हणे, सीझन चालू आहे, सध्या जाळी तेवढी साफ करून द्या. मी नाही म्हटलं. त्यांनी घरी नेऊन स्वतःच साफ केली. मशीन पळाली म्हणून मला व्हिडिओही पाठवला!

पुढे त्यांचा फोन आला तेव्हा इंजिन हाताने फिरत नव्हतं. मागच्या सिलिंडरचा पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने उभा खरवडलेला. बोअरिंग, नवा पिस्टन, रिंगा, गॅस्केट. आणि नळ्या बदलाव्या लागल्या त्या लागल्याच.

माझी सवय साधी आहे: आधी नळ्या, मग सिलेक्टर आणि पेट्रोलमधलं पाणी वेगळं करणारा वॉटर सेपरेटर, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. नळी पेट्रोलसाठीच बनवलेली हवी, दिसायला सारखी कुठलीही चालत नाही. उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्नच्या तोटीत बारीक छिद्र असतं, दाब टिकतो तो त्याच्यामुळे. "चोक झालंय" म्हणून ते ड्रिलने मोठं करणारे महाभागही पाहिलेत.

किटमध्ये आली म्हणून स्प्रिंग बदलली

पेट्रोलची वाट उघडझाप करणारी सुई म्हणजे नीडल, ती बसते ती जागा म्हणजे सीट. नीडल किती दाबाला उघडते याला पॉप-ऑफ म्हणतात, आणि तो ठरतो सीटच्या मापावर आणि स्प्रिंगच्या ताकदीवर. मिकुनीत सीट १.५, २.० आणि २.३ मिमी अशा मापांत येतात, स्प्रिंगाही वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. पॉप-ऑफ जास्त झाला तर थ्रॉटल उघडताच इंजिन अडखळतं. नीडल गळत असेल तर प्लग ओले होतात आणि मशीन सुरूच होत नाही. मग लोक जेट (पेट्रोल मोजून सोडणारे पितळी भोकाचे तुकडे) बदलत बसतात.

गेज असलेला छोटा हातपंप घ्या. नीडल पेट्रोलने ओली करून हळूहळू दाब द्या आणि कुठे उघडते ते पाहा. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो. नंतर त्याच्यापेक्षा थोडा कमी दाब देऊन सोडा. काटा उतरायला नको. मिकुनीत नीडल उचलणारा लिव्हर शेजारच्या धातूच्या पातळीला असावा लागतो. स्प्रिंग ताणून किंवा कापून 'ॲडजस्ट' करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. किट मात्र मूळ कंपनीचंच घ्या. स्वस्तातल्या किटचे डायाफ्राम कडक निघतात, आणि इथे सगळा खेळ डायाफ्रामचाच आहे.

बाकीच्या चुका, थोडक्यात

जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं.

मिश्रण जुळवायचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण बसेपर्यंत किती फेरे फिरतो ते मोजून लिहून ठेवा. "लक्षात राहील" म्हणणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

डायाफ्राम जागेवर असताना कार्ब क्लीनर मारू नका, रबर फुगतं.

कार्बोरेटर उतरल्या उतरल्या इनटेकच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. एक वॉशर आत पडला तर काम कार्बोरेटरचं राहत नाही.

दोन कार्बोरेटर असतील तर दोन्ही खोला. चालू असलेला दुसराही तितकाच जुना आहे.

फ्लेम अरेस्टर (कार्बोरेटरच्या तोंडावरची, ज्योत बाहेर येऊ न देणारी जाळी) न लावता "एकदा चालवून बघू" म्हणू नका. हल, म्हणजे मशीनचं अंग, बंद असतो आणि पेट्रोलची वाफ तळाशी साचते. सीट काढून हवा खेळू द्या, मगच स्टार्टर.

घाईत राहून जाणाऱ्या दोन गोष्टी

ऑइल पंप असलेल्या मशीनमध्ये थ्रॉटलबरोबर पंपाची केबलही हलते. बसवताना पंपावरच्या खुणा जुळल्या पाहिजेत आणि ऑइलच्या बारीक नळ्यांमधली हवा काढली पाहिजे. पहिल्या टाकीत मी पेट्रोलमध्येही थोडं टू-स्ट्रोक ऑइल घालतो. धूर होतो, होऊ द्या.

जमिनीवर इंजिन गार ठेवायला पाण्याचा पाइप लावून तपासताना आधी इंजिन सुरू करा, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून थेट सिलिंडरमध्ये जातं.

पाण्यात उतरल्यावर थोडा वेळ अर्ध्या थ्रॉटलवर चालवा, परत या आणि दोन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. एक पांढरा आणि दुसरा तपकिरी दिसला तर स्क्रू फिरवून जुळवत बसू नका. कार्बोरेटर पुन्हा उतरवा आणि पांढऱ्या प्लगच्या बाजूला इनटेकच्या गॅस्केटमधून हवा शिरते का ते आधी पाहा.